मुलांना खरे मोजू द्या

जानेवारी उजाडला की तालुक्याच्या गावांत कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत ठरलेली गर्दी होते. अकरावी-बारावीच्या पर्यावरण विषयाचे प्रकल्प तेथे तयार मिळतात. जलप्रदूषण, घनकचरा, तापमानवाढ, सौरऊर्जा यांतला विषय निवडायचा, पाने उतरवून काढायची आणि पहिल्या पानावर नाव व हजेरी क्रमांक घालायचा. आत प्रस्तावना, उद्दिष्टे, अभ्यासपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, ऋणनिर्देश असे सगळे असते. निरीक्षणे असतात, पण ती कोणी केलेली नसतात. पन्नास कुटुंबांच्या सर्वेक्षणाचा तक्ता असतो, पण एकाही कुटुंबाच्या दाराशी कोणी गेलेले नसते. नदीचे नाव बदलले की तोच मजकूर भीमेकाठीही चालतो आणि गोदाकाठीही. शिक्षकांची सही होते, गुण मिळतात आणि पुढच्या जूनमध्ये वह्या रद्दीत जातात.

हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘एवढ्याशा गुणांसाठी कशाला एवढा ताप’ असे पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात, आणि मुले ते ऐकतच मोठी होतात. माझ्या मते ही आपल्या शिक्षणातली सर्वांत घातक सवय आहे. निबंध उतरवून काढणारा मुलगा परीक्षकाला फसवतो. न पाहिलेल्या नदीविषयी ‘आम्ही पाहणी केली’ असे लिहिणारा मुलगा त्याहून पुढचे काही शिकतो. निसर्गाविषयीची माहिती बसल्या जागी तयार करता येते, तिच्याखाली सही घेता येते आणि त्या सहीने काम भागते, हे त्याला सोळाव्या वर्षी कळते. हाच मुलगा पुढे अभियंता होतो, अधिकारी होतो, सल्लागार संस्थेत नोकरीला लागतो. न मोजलेल्या सांडपाण्याचा, न पाहिलेल्या जंगलाचा अहवाल त्याच्या टेबलावर येतो, तेव्हा सही करताना त्याचा हात का थबकावा? त्याचा सराव आपणच करून घेतलेला असतो.

हा विषय शाळा-कॉलेजांत आला, तो मोठ्या अपेक्षेने आला होता. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याची दिशा दाखवली. पुढे न्यायालयाला पुन्हा पुन्हा लक्ष घालावे लागले, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी लिहिले. त्या अभ्यासक्रमात शंभरातले पंचवीस गुण क्षेत्रकार्याला होते. विद्यार्थ्यांनी जवळच्या नदीवर, डोंगरावर, गवताळ माळावर जावे, एखादी प्रदूषित जागा पाहावी, आसपासची झाडे, कीटक, पक्षी यांच्या नोंदी कराव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे मुलांना वर्गाबाहेर काढायचे, हा हेतू कागदावर पहिल्या दिवसापासून होता. आपण त्यांना झेरॉक्सच्या दुकानापर्यंतच नेले.

आपल्या राज्यघटनेच्या कलम 51-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती आली. वने, तळी, नद्या, वन्यजीव यांचे रक्षण करावे, हे त्यातले एक कर्तव्य. त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य विज्ञाननिष्ठा, मानवता, शोधक बुद्धी आणि सुधारणेची वृत्ती यांचे आहे. ही दोन कर्तव्ये घटनेत शेजारी शेजारी आहेत आणि ती एकत्रच पाळली पाहिजेत. आपण पहिले घेतले आणि दुसरे सोडले. म्हणून आपल्याकडे पर्यावरणावर घोषणा पुष्कळ आहेत, प्रभातफेऱ्या आहेत, चित्रकला स्पर्धा आहेत, पाच जूनला एकाच खड्ड्यात वर्षानुवर्षे लावली जाणारी रोपे आहेत. पण गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती रोपे जगली, याची नोंद मागितली तर ती सहसा सापडत नाही. शोधक बुद्धी नसेल तर निसर्गप्रेम ही नुसती भावना उरते, आणि भावनेला कोणीही कुठेही वळवू शकते.

खरे संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, महागडी यंत्रे आणि मोठे अनुदान, अशी समजूत असेल तर ती आधी सोडली पाहिजे. गळका नळ घ्या. त्याखाली एक लिटरचे भांडे ठेवा आणि घड्याळ लावा. भांडे दहा मिनिटांत भरले तर तासाला सहा लिटर, दिवसाला 144 लिटर पाणी गेले. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण ठरवले आहे. म्हणजे शाळेचा एक गळका नळ अडीच माणसांचे दिवसाचे पाणी वाया घालवतो. आठवीतल्या मुलीला हा हिशेब येतो. तो तिने स्वतः मांडला, तर ‘पाणी वाचवा’ हा फलक तिला दाखवावा लागत नाही. ती मुख्याध्यापकांना विचारते, की प्लंबर कधी येणार?

पावसाचेही तसेच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. समजा, शाळेचे छप्पर हजार चौरस मीटरचे आहे आणि गावात वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. छपरावर सहा लाख लिटर पाणी पडले. वाहून-उडून जाणारे सोडले तरी साडेचार-पाच लाख लिटर हाती येऊ शकते. पाचशे मुलांच्या शाळेला रोज पाच हजार लिटर लागत असेल, तर ही जवळजवळ तीन महिन्यांची सोय झाली. आता प्रश्न बदलतो. टँकर कधी येईल, हे विचारण्याआधी आपले पाणी कुठे जाते, हे मुले विचारू लागतात.

विजेचा हिशेब तर भिंतीवरच्या मीटरवर लिहिलेला असतो. वीस वर्ग, प्रत्येक वर्गात चार पंखे, प्रत्येक पंखा पंचाहत्तर वॅटचा धरला, तर सगळे पंखे मिळून तासाला सहा युनिट वीज खातात. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर ते रोज तासभर रिकाम्या वर्गात फिरत राहिले, तर दोनशे दिवसांत बाराशे युनिट वीज फुकट गेली. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आठशे किलोंहून अधिक. ही वीज आकाशातून येत नाही. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा कोळशातून येतो आणि 2920 मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र त्यातले सर्वांत मोठे सरकारी केंद्र आहे. आपल्या रिकाम्या वर्गातला पंखा फिरतो, त्याची राख आणि धूर चंद्रपूरच्या मुलांच्या वाट्याला येतो. हे नाते पुस्तकातल्या परिच्छेदाने मनावर ठसत नाही. महिनाभर मीटर वाचणाऱ्या मुलाला ते कायमचे कळते.

वसतिगृहाच्या मेसमध्ये तर एक वजनकाटा पुरे. टाकलेले अन्न आठवडाभर रोज मोजायचे, पदार्थागणिक वेगळे मोजायचे. भिंतीवर ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ लिहिलेलेच असते, आणि अन्न टाकणारी मुले माजलेली आहेत, असा निष्कर्षही तयारच असतो. मोजायला बसले की वेगळी कारणे दिसू शकतात. भात जास्त शिजवला जात असेल. दुसऱ्या पंगतीला पोळ्या गार आणि वातड होत असतील. वाढपी एकाच मापाने सगळ्यांना वाढत असेल. कारण सापडले की उपदेशाची गरज कमी होते आणि उपाय सुचतो. मोजण्याने माणूस दोष देण्याकडून कारण शोधण्याकडे येतो. नीतीच्या दृष्टीने हा मोठाच पालट आहे.

पण मोजणे एवढ्यावर थांबले तर ते काटकसरीचे शिक्षण होईल, त्याहून अधिक काही नाही. मोजण्याचा खरा संबंध न्यायाशी आहे. हे महाराष्ट्राला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. पाणी जमिनीच्या मालकीवर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, असे तिथले नियम होते. पाणी किती आहे आणि एका माणसाला किती लागते, हे मोजल्याशिवाय असा नियम करताच येत नाही. जे मोजलेले नसते ते बळकटाकडे जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तेच दाखवले. त्या त्या वर्षी पाऊस किती झाला, हे पाहून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणते पीक किती घ्यायचे, हे ठरवते.

म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत ‘किती’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कोणाला’ हा प्रश्न असलाच पाहिजे. गावाला पाणी किती येते, याबरोबर कोणत्या आळीला किती वेळ येते, हे लिहिले पाहिजे. हंडा कोण वाहते, किती लांबून वाहते आणि त्यासाठी कोणाची शाळा बुडते, हेही मोजले पाहिजे. मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी पुरवले जाते. त्यातला मोठा वाटा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा आणि त्याच बाजूच्या वैतरणेवरच्या धरणांतून येतो. त्याच शहापुरातले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईच्या कॉलेजातल्या मुलांनी आपल्या इमारतीतला माणशी पाण्याचा वापर मोजावा, मग शहापूरच्या एखाद्या पाड्यावर जाऊन तिथला मोजावा आणि दोन्ही आकडे एका पानावर लिहावेत. त्या पानाला वेगळा निष्कर्ष लिहावा लागणार नाही.

महात्मा फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. शेतकऱ्याचे घर, त्याचे अन्नवस्त्र, त्याच्या शेतातली वाहून जाणारी माती आणि अडवायचे पाणी यांचा विचार त्यांनी त्यात केला, आणि तो डोळ्यांनी पाहून केला. अविद्येतून अनर्थ कसे ओढवतात, हे ज्या महाराष्ट्राला त्यांनी सांगितले, त्याच महाराष्ट्रात मुलांना न पाहता लिहायला लावणे ही त्या परंपरेशी प्रतारणा आहे.

खोट्या नोंदींचा दोष फक्त मुलांच्या माथी मारता येणार नाही. मोठ्यांनी त्यांच्यासमोर काय ठेवले आहे, तेही पाहू. नॅकच्या मूल्यांकनात महाविद्यालयांना पर्यावरणाचे आणि ऊर्जेचे लेखापरीक्षण दाखवावे लागते. कल्पना चांगली आहे. पण पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या संस्थेला पैसे मोजायचे, एका दिवसाची भेट घडवायची आणि प्रमाणपत्र फायलीत लावायचे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. त्याच महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राचे, भौतिकशास्त्राचे, संख्याशास्त्राचे विद्यार्थी असतात. वर्षभर मीटर, टाकी आणि कचऱ्याचे डबे मोजण्याचे काम त्यांना द्यावे, असे फार थोड्यांना सुचते.

जैवविविधता नोंदवह्यांचे तेच झाले. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या व्हाव्यात आणि लोकांनी आपल्या परिसरातल्या वनस्पती, प्राणी आणि पारंपरिक ज्ञान यांची नोंदवही तयार करावी, अशी सोय केली. डॉ. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना अनेक वर्षे मांडली, शिक्षक आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ती करून पाहिली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, तेव्हा अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. जे काम गावच्या शाळेने दोन-तीन ऋतू फिरून करायचे, ते कागद पूर्ण करण्याचे काम झाले. खोटी प्रकल्पवही शाळेत जन्मते आणि शासनदरबारी मोठी होते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप शिक्षकांचा. एका वर्गात सत्तर-ऐंशी मुले, निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे, त्यात हे कसे जमणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच सत्तर मुलांचे सत्तर प्रकल्प बंद करावेत. एका वर्गाने एकच प्रश्न घ्यावा, गटांनी काम वाटून घ्यावे आणि वर्षाला एकच अहवाल लिहावा. सत्तर खोट्या वह्या तपासण्यापेक्षा एक खरा अहवाल तपासणे शिक्षकालाही सोपे आहे.

दुसरा आक्षेप असा, की मुलांच्या मोजणीवर भरवसा कसा ठेवायचा? मुले चुकतील, हे खरे. पण चूक आणि खोटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी, कुठे, कशाने मोजले आणि कोणत्या दिवशी मोजायचे राहिले, हे लिहिले असेल तर चूक सापडते आणि सुधारते. ‘बुधवारी पाऊस होता म्हणून नोंद घेता आली नाही’ हे वाक्य ज्या वहीत आहे, ती वही विश्वासार्ह आहे. सगळे रकाने सुबक भरलेल्या वहीवरच संशय घ्यावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नदी बिघडवतात कारखाने आणि शहरे, डोंगर पोखरतात खाणी. मग शाळेतला नळ मोजायला लावून आपण खऱ्या जबाबदारांना सोडून देत नाही का? मुलांनी नळापाशीच थांबावे, असे मी म्हणत नाही. पण ज्याला नळ मोजता येतो, त्यालाच उद्या कारखान्याचा अहवाल वाचता येतो. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सुनावणीत गावकरी पोटतिडकीने बोलतात, पण समोरच्याच्या आकड्याला आकड्याने उत्तर देणारे कोणी नसते. उन्हाळ्यात विहिरींची पातळी किती खाली जाते, ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, गवत किती जनावरांना पुरते, हे गावच्या शाळेने पाच वर्षे नोंदवून ठेवले असेल, तर त्या सभेत गावाच्या हाती स्वतःचा पुरावा असेल.

हे स्वप्नरंजन नाही, कारण अशी कामे झाली आहेत. 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. त्यात दहा ते सतरा वयाची मुले गटाने आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करतात आणि तो तज्ज्ञांपुढे मांडतात. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या हरित शाळा उपक्रमात मुलेच आपल्या शाळेची हवा, पाणी, ऊर्जा, अन्न, जमीन आणि कचरा तपासतात. मुंबई आयआयटीच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी कर्जत तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या योजना गावोगाव फिरून अभ्यासल्या. त्याच विचारातून उन्नत महाराष्ट्र अभियान उभे राहिले. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत, ही त्यामागची साधी आणि मोलाची भूमिका आहे. वाट आहे. तिच्यावरून चालणाऱ्यांची संख्या वाढवायची आहे.

त्यासाठी काही गोष्टी आजपासून करता येतील. शिक्षण मंडळाने आणि विद्यापीठांनी तयार प्रकल्पाला शून्य गुण द्यावेत आणि अपुऱ्या पण खऱ्या नोंदींना पूर्ण गुण द्यावेत. प्रत्येक शाळेचा अभ्यास पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती जावा, म्हणजे दहा वर्षांत त्या गावाचा इतिहास तयार होईल. तो अभ्यास ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत मुलांनीच वाचून दाखवावा. आणि संस्थाचालकांनी एक वचन द्यावे. मुलांनी मोजलेले आकडे संस्थेला अडचणीचे असले, तरी ते दडपले जाणार नाहीत. टाकी वाहते, कचरा मागच्या बाजूला जाळला जातो, सांडपाणी ओढ्यात सोडले जाते, हे मुलांनी लिहिले, तर त्यांना दम देऊ नये. टाकी दुरुस्त करावी, कचरा जाळणे थांबवावे, सांडपाण्याची सोय करावी. आपण खरे लिहिले आणि त्यामुळे काहीतरी सुधारले, असा एक अनुभव शालेय वयात मिळाला, तर तो मुलगा जन्मभर नागरिक राहतो. खरे लिहिले म्हणून शिक्षा झाली, असा अनुभव मिळाला तर तो जन्मभर गप्प राहतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की यंदा उतरवून काढलेल्या वहीवर सही करू नका. पालकांनी प्रकल्प विकत घेण्यासाठी पैसे देऊ नयेत. आणि मुलांनो, तुम्हाला नदीवर तीस पाने लिहायची गरज नाही. तुमच्या ओढ्याकाठी दर रविवारी जा, पाण्याची खोली, रंग आणि वास यांची नोंद करा, तारीख घाला आणि खाली आपली सही करा. जे पाहिले नाही ते लिहू नका, आणि जे पाहिले ते कोणी सांगितले तरी खोडू नका.